शनिवारचं सुतक

मार्च २००७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशने आपल्याला हरवलं, त्या रात्री मी कानाला खडा लावला. यापुढे कुठल्याही टीमसाठी जीव जाळायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी चार लोकांत बसून "मधल्या फळीने कच खाल्ली" हे तर मुळीच म्हणायचं नाही. ऑगस्टमध्ये नोकरीने उचलून मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला नेऊन टाकलं, तेव्हा वाटलं सुटलो. इथे क्रिकेटचं नाव कोण काढणार?

नाही काढलं कोणी. क्रिकेटचं.

१ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी दूध आणायला निघालो तर रस्ता गाड्यांनी तुंबलेला. लोकांच्या अंगणात गाड्या, डिक्क्या उघड्या, मागे शेगड्या, शेगड्यांवर सॉसेज. आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे मक्याच्या दाण्यासारख्या पिवळ्यात नाहीतर गडद निळ्यात. मला वाटलं गावात कुणाचं तरी दणक्यात लग्न आहे. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, "सीझनची पहिली मॅच!" मॅच कॉलेजची, आणि खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचा. आमच्या कॉलेजच्या मॅचला बावीस खेळाडू, दोन पंच आणि कँटीनचा पोऱ्या एवढे जमायचे, त्यातला एक पंच आमचाच बारावा गडी. इथे एक लाख नऊ हजार माणसं जमली होती.

मिशिगन, म्हणजे इथल्या विद्यापीठाची टीम, तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर. समोर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातून आलेली अ‍ॅपलेशियन स्टेट, दुसऱ्या फळीतली टीम. आपल्या फळीत सलग दोन वर्षं विजेती, पण ते कोण लक्षात घेतो! त्यांना येण्याबद्दल चार लाख डॉलर मोजले होते. म्हणजे सत्यनारायणाला भटजी बोलावतात तसं: या, प्रसाद घ्या, दक्षिणा घ्या, निघा. भटजींनी प्रसाद खाल्ला, दक्षिणा कनवटीला लावली आणि जाताना यजमानाच्या श्रीमुखात ठेवून दिली. ३४-३२. शेवटच्या काही सेकंदांत मिशिगनने जिंकण्यासाठी ३७ यार्डांवरून मारलेली किक त्यांच्या एका पोराने अंग झोकून अडवली आणि बॉल उचलून पळत सुटला.

संध्याकाळी आजोबा पायरीवर बसलेले दिसले. टोपी मांडीवर. शेजारधर्म म्हणून मी म्हणालो, "जाऊ द्या हो, शेवटी खेळच आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्मशानात कुणी "चहाचं काय?" विचारल्यावर लोक पाहतात, तसं.

सोमवारी इथल्या कामगार दिनाची सुट्टी, त्यामुळे सुतकाला तीन दिवस मोकळे. रविवारी सकाळी आजोबा थेट आमच्या स्वयंपाकघरात. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हेच माझ्या मुळावर आलं. बाकी सगळ्या गावाला सगळं कळत होतं, त्यामुळे ऐकून घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. बायकोने पोह्यांसाठी काढून ठेवलेले बटाटे त्यांनी ओट्यावर ओळीत मांडले. "हा आमचा डिफेन्स." मग लिंबू उचललं. "हा त्यांचा क्वार्टरबॅक, आर्मांटी एडवर्ड्स." कांदे लांबलांब पसरले. याला म्हणे स्प्रेड ऑफेन्स म्हणतात. आपली माणसं मैदानाच्या रुंदीभर पांगवायची, त्यांना धरायला समोरचेही पांगतात, आणि मधे जी फट पडते तिच्यातून क्वार्टरबॅक कधी बॉल फेकतो, कधी स्वतःच घेऊन पळतो. लिंबू पळालं. बटाटे वळेपर्यंत ओट्याच्या टोकाला पोचून खाली पडलंसुद्धा.

"दिसलं?" आजोबा म्हणाले.

दिसलं. बायकोला तर फारच स्पष्ट दिसलं. त्या दिवशी पोहे बिनलिंबाचे झाले.

मग आकडेमोड. मिशिगनने टचडाउननंतर, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकापलीकडे नेल्यावर, दोनदा एका गुणाची साधी किक न मारता दोन गुणांचा डाव टाकला आणि दोन्हीदा तो फसला. "दोन किका मारल्या असत्या तर किती झाले असते?" चौतीस, मी म्हणालो. चौतीस-चौतीस! ते टाळी वाजवून उठले. आत्याबाईला मिशा असत्या तर, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

मंगळवारी ऑफिसात कोणी कॉम्प्युटर उघडलाच नाही. एक म्हणत होता, कोच लॉइड कार यांनी आता घरी बसावं. याच माणसाने १९९७ साली राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं. पण दहा वर्षांपूर्वी खाल्लेल्या श्रीखंडाची ढेकर आज कोण देतो! दुसऱ्याच्या मते पोरं उन्हाळ्यात सुटली होती. तिसरा नुसताच मान हलवत होता. तोच खरा जाणकार असावा. मग सगळे माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मधल्या फळीने कच खाल्ली."

शांतता. मग मान हलवणारा बोलला, "बरोबर. लाइनबॅकर." पुढच्या रांगेच्या पाठीमागे आणि अगदी मागच्यांच्या पुढे उभे राहतात ते लाइनबॅकर, हे मला घरी आल्यावर आजोबांनी गाजरांच्या मदतीने समजावलं. तोवर ऑफिसात मी परखड मतांचा माणूस म्हणून ठरून गेलो होतो.

पुढच्या शनिवारी ऑरेगनने ३९-७ असं धुतलं. "मधली फळी" मी पुन्हा चालवली, खपली. त्याच्या पुढच्या शनिवारी, १५ तारखेला गणेश चतुर्थी, आणि नेमकी नोटर डेमशी मॅच. आदल्या दिवशी डर्बनला क्रिकेटमध्ये आपण पाकिस्तानला बरोबरीनंतरच्या बोल-आउटवर, म्हणजे नुसत्या स्टंपांवर नेम धरून, हरवलं होतं, ते मला तीन फोन आल्यावर कळलं, यावरून मी कुठवर वाहवलो होतो ते समजा. मिशिगन ३८-० ने जिंकलं. मी सुटकेचा श्वास सोडला, आजोबांना संध्याकाळच्या आरतीला बोलावलं. आले, टोपी काढून हात जोडले, आपल्या परीने टाळ्या वाजवल्या. बायकोने मोदकांचं ताट पुढे केलं.

"जिंकलात!" मी म्हणालो.

"जिंकलो," ते म्हणाले. "पण समोरचे तरी कुठे धड होते?" ताटातले अकरा मोदक त्यांनी एकेक करून चौरंगापुढच्या सतरंजीवर ओळीत मांडले, जरा मागे सरून न्याहाळले, आणि मग बायकोकडे वळून अदबीने विचारलं, "एक लिंबू मिळेल का?"