एक मेल टाकला असता तर काय बिघडलं असतं?

आज पुन्हा एक चार्जबॅक (गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँक कार्डाचे पैसे दुकानदाराकडून परत घेते तो प्रकार) हरलो आणि डोकं नुसतं भणभणतंय. माल गेला, पैसे गेले, वर बँकेची फी माझ्याच खात्यातून कापली गेली. ही फी केस जिंकली तरी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. म्हणजे खोटा दावा दुसऱ्याने करायचा आणि भुर्दंड मी भरायचा.

प्रकार साधा होता. कॅमेऱ्याची बॅग. ऑर्डर आली, त्याच दिवशी पार्सल निघालं, कुरिअरने सही घेऊन हातात दिलं. दोन महिने एक शब्द नाही. मग एके दिवशी गेटवेची, म्हणजे दुकानासाठी कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीची, नोटीस: 'हा व्यवहार मी केलेला नाही, असं कार्डधारकाचं म्हणणं आहे.' मी ट्रॅकिंग, सहीचा फोटो, बिल असं सगळं एका पीडीएफमध्ये लावलं. रात्री पाऊण वाजेपर्यंत स्क्रीनशॉट कापत बसलो होतो. उत्तर काय आलं? माल पोचल्याचं सिद्ध होतं, पण खरेदी कार्डधारकानेच केली हे सिद्ध होत नाही!

शेवटी त्या गिऱ्हाइकालाच फोन केला. तो म्हणाला, "अहो, बॅग मिळाली की. स्टेटमेंटवर तुमच्या दुकानाचं नाव नव्हतं, म्हणून मी बँकेला सांगितलं. आता ते तुम्ही आणि बँक बघून घ्या." आणि फोन ठेवला! बॅग त्याच्या खांद्यावर, पैसे त्याच्या खात्यात, आणि बघून मी घ्यायचं. हे मागे घेतो, असं दोन ओळींत लिहून द्यायलाही तो तयार नाही. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून कुठे जोडू?

मला सांगा, बँकेच्या अ‍ॅपवर तक्रारीचं बटण दाबायच्या आधी विक्रेत्याला एक मेल टाकायला किती वेळ लागतो? माझा नंबर बिलावर आहे, पार्सलवर आहे, साइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी आहे. मी रिफंड नाकारला असता तर गोष्ट वेगळी. विचारलंच नाही तर नाकारणार काय!

कार्ड चोरीला गेलं, माल आलाच नाही, फाटका आला, तर चार्जबॅक हवाच. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि त्याबद्दल माझी कुरकुर नाही. माझा संताप आहे तो विसरभोळेपणाला आणि आळसाला फसवणुकीचं लेबल लावून मोकळं होणाऱ्यांवर. घरातल्या पोराने कार्ड वापरलं, लाव चार्जबॅक. वर्गणी रद्द करायची राहून गेली, लाव चार्जबॅक. आणि दावा करायला साधारण 120 दिवस मिळतात. चार महिने! मला उत्तराला गेटवे सात दिवस देतो, त्यात शनिवार-रविवार धरून.

व्हिसाने एप्रिल 2023 पासून पुराव्यांचा नवा नियम आणला, तेव्हा वाटलं होतं की आता तरी कोणी ऐकेल. त्याच कार्डावरचे 120 ते 365 दिवसांपूर्वीचे, तक्रार न झालेले दोन व्यवहार दाखवायचे. आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), डिव्हाइस, लॉगिन, पत्ता यांतल्या किमान दोन गोष्टी वादातल्या व्यवहाराशी जुळायला हव्यात, आणि त्यांत आयपी किंवा डिव्हाइस हवंच. नियम चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्याकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाचे जुने व्यवहार कुठून आणू? छोट्या दुकानाचे निम्मे लोक पहिल्यांदाच आलेले असतात.

आणि तक्रार चार्जबॅक व्हायच्या आधीच विक्रेत्याला सावध करणाऱ्या ज्या दोन मोठ्या सेवा आहेत, व्हेरिफाय आणि इथोका, त्या 2019 मध्ये अनुक्रमे व्हिसा आणि मास्टरकार्डने विकत घेतल्या. म्हणजे नियम त्यांचे, आणि त्या नियमांच्या तडाख्यातून वाचायचं तर पैसेही त्यांनाच मोजा. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

स्टेटमेंटवरच्या नावाची चूक मात्र माझी होती, ते मान्य. तिथे नोंदणीकृत कंपनीचं नाव छापून येत होतं आणि ते कोणाला माहीत असणार? त्या जागेत बावीस-पंचवीस अक्षरं मावतात. मी त्यात दुकानाचं नाव आणि फोन नंबर बसवून घेतला. गेटवेला तीन मेल करावे लागले, पण झालं. हे खातं उघडतानाच कोणी का सांगत नाही? चाळीस पानांचा करार पाठवता, त्यात ही एक ओळ बसत नाही?

आता मोठ्या रकमेची प्रत्येक ऑर्डर ओटीपीच्या पडताळणीतूनच घेतो. पडताळणी पूर्ण झाली की 'मी केलाच नाही' या दाव्याची जबाबदारी सहसा बँकेवर जाते. चार गिऱ्हाइकं त्या पायरीवर कंटाळून निघून गेली तरी चालतील. रिफंड मागितला की त्याच दिवशी करतो आणि कळवतो, कारण उशीर झाला की माणूस बँकेत जातो, आणि मग रिफंडही गेला आणि चार्जबॅकही लागला असं दुहेरी नुकसान होतं. माझं झालंय.

चीड माझ्याच धंद्यातल्या काहींचीही येते. फोन नंबर लपवायचा, वर्गणी बंद करायचं बटण सापडणार नाही अशा जागी ठेवायचं, मेलला आठ-आठ दिवस उत्तर द्यायचं नाही. लोकांना थेट बँकेत जायची सवय यांनीच लावली. आता विक्रेता म्हटला की चोर, हे बँकेने आधीच धरलेलं असतं, आणि भोगतो आम्ही.

हे लिहिता लिहिता आणखी एक नोटीस आली. कारण: माल मिळाला नाही. ट्रॅकिंगवर पार्सल अजून वाटेत दिसतंय आणि मी दिलेली तारीख परवाची आहे. ती तारीख उलटायच्या आत हा दावा करताच येत नाही, तसा नियमच आहे. तरी बँकेने तो घेतला आणि पैसे आजच कापले. उत्तराला मुदत सात दिवस.