उन्हातली छत्री

भर उन्हात छत्री उघडली की कुणीतरी विचारतंच, "काय, आज पाऊस येणार वाटतं?" पुरुषाच्या हातात असली तर जरा जास्तच. दोन उन्हाळे मी या प्रश्नापायी छत्री पिशवीतच ठेवली. आता ठेवत नाही.

बातम्यांत ४० अंश सांगतात, तो आकडा सावलीतला असतो. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात, त्याला ऊन लागूच देत नाहीत. म्हणजे उन्हात उभं राहिलं की ४० तर आहेतच, वर सूर्य वेगळा! निरभ्र दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन ओतलं जातं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर १०० वॅटच्या आसपास उष्णता तयार करतं, आणि तेवढी बाहेर टाकतानाच उन्हाळ्यात त्याची दमछाक होते. अंगात मुरणारं ऊन याच्या बरोबरीचं, कधी जास्तही भरतं.

हवा कातडीपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की घाम वाळणं हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर फुकट. छत्री काय करते, तर हा घामाचा खर्च कमी करते. कातडीकडे रक्त ढकलणाऱ्या हृदयालाही तेवढीच उसंत.

"छत्रीखालीही उकडतंच की!" उकडणारच. छत्री हवा गार करत नाही, दमटपणा घालवत नाही. काळं कापड अतिनील किरण छान अडवतं, पण स्वतः तापून डोक्यावर धग सोडतं. वरून चंदेरी असलेली बरी. आणि झाडाची सर कशालाच नाही. पानं पाणी सोडत राहतात म्हणून फारशी तापत नाहीत, शिवाय खालची जमीन बराच वेळ सावलीत असते. छत्रीची सावली मात्र दर पावलाला आधीच तापलेल्या रस्त्यावर पडते. वरचं ऊन अडलं तरी पायाखालून झळा येतातच.

चारनंतर ऊन तिरपं होतं. तेव्हा छत्री सरळ धरून उपयोग नाही, सूर्याकडे कलती करावी लागते. त्यात समोरचं फारसं दिसत नाही; पावसाची चौकशी करणारेही दिसत नाहीत, हा वरचा फायदा.