तोफेची पुंगळी घ्या, पण बूड पाहू नका

तर भाऊ, बाजाराच्या दिवशी कबाड्याकडे गंज, घागरी अन् मोडक्या समयांच्या मधात एक फूटभर पितळी पुंगळी, म्हणजे तोफेच्या गोळ्यामागं बारूद भरायचं रिकामं नळकांडं, उभी दिसली अन् तुमचा जीव तिच्यावर जडला, तर पहिला नियम, ती उलटी करून बूड पाहू नका. बूड पाहणाऱ्याला ती भंगारच्या भावात भेटते अन् मग पाव्हण्यांना सांगायला काहीच राहत नाही.

कबाडी सांगन, सीताबर्डीच्या लढाईतली आहे, 1817 ची, आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची. तुम्ही फक्त मान डोलवा. त्या काळच्या तोफेत तोंडाकडून बारूद ठासायचे अन् मग गोळा, पितळी पुंगळी तोफेत आली तीच एकोणिसावं शतक सरता सरता, पण एवढ्या रंगात आलेल्या माणसाला मधात टोकायचं काऊन? मी नाही टोकलं. घरी आणून उलटी केली तर बुडावर 25 पीआर अन् 1943. म्हणजे इंग्रजांच्या 25-पाउंडर तोफेची, दुसऱ्या महायुद्धातली. 126 वर्षांचा फरक, तेवढं चालते.

लगेच शेजारच्या काकांनी वजनकाटा आणला. 25 पाउंड भरत नाही म्हणे, डुप्लिकेट आहे! अहो काका, 25 पाउंड, म्हणजे 11 किलोच्या वर, हे वजन उडून गेलेल्या गोळ्याचं, पुंगळीचं नाही. पण तुम्ही काटा न्याच, भाव पाडायला कामी येते.

बुडावर तीन रेघांचा बाण दिसला तर तो इंग्रज सरकारच्या मालाचा शिक्का, पार्टीचं निशाण नाही. पहिल्या महायुद्धातल्या 18-पाउंडर तोफेच्या पुंगळीवर सीएफ दिसते, म्हणजे कॉर्डाइट नावाच्या बिनधुराच्या बारुदाचा पूर्ण भरणा. पुंगळी परत भरली की शिक्के वाढत जायचे, तर एवढं कोण वाचत बसते, सरळ बफिंग मशीनवर धरा, शिक्के गुळगुळीत होतात अन् मग तुम्ही म्हणाल ते साल.

"जर्मन आहे का?" हे मात्र इचारू नका. मी इचारलं तर कबाडी भडकला, "जर्मन कायचं भाऊ, अस्सल पितळ आहे!" त्याच्यासाठी जर्मन म्हणजे आल्युमिनमचा डबा. बरं, चुंबक चिकटलं म्हणून पुंगळी नकलीच असंही नाही, तांब्याची टंचाई झाल्यावर खऱ्या जर्मनीनं युद्धात लोखंडी पुंगळ्या ढिगानं काढल्या होत्या.

आता एक गोष्ट मस्करी सोडून. बुडाच्या मधोमध प्रायमर असते, पोट्ट्यांच्या टिकलीचा बाप. त्यावर ठोक्याचा खड्डा नसन, किंवा पुंगळीच्या तोंडात गोळा अडकलेला असन, तर हात लावू नका, हलवू नका, दूर व्हा अन् पोलिसांना कळवा. खड्डा दिसला म्हणजे सगळं निर्धोक झालं असंही समजू नका. पुलगावजवळ 2018 मधे जुना दारूगोळा नष्ट करताना माणसं मेली.

माझी पुंगळी सध्या ओट्यावर आहे. बायकोनं त्यात झारे, उलथने अन् रवी ठेवली. कबाड्यानं जाता जाता सांगितलेली एकच गोष्ट खरी निघाली, ताक ठेवू नका भाऊ, कळकते.