बारा वर्षं घरीच होतात ना? मग हे वाचा

तर धाकटं पाचवीत गेलं, स्वतःचा डबा स्वतः भरायला लागलं (म्हणजे तुम्ही भरून ओट्यावर ठेवलेला डबा उचलून दप्तरात टाकायला लागलं) आणि तुमच्या डोक्यात आलं की आता आपण नोकरी करावी. छान. शिक्षण किती? बारावी, मग एफवायबीए, मग लग्न. काही घाबरू नका, मी सांगते तसं करा.

सगळ्यात आधी, घरात बोलू नका. बोललात की एकच शब्द कानावर येणार, घरबसल्या. अगं घरबसल्या काहीतरी कर ना. घरबसल्या साड्या विक, घरबसल्या पॉलिसी काढ, घरबसल्या पोळीभाजीचे डबे दे. मला या शब्दाचं फार कौतुक आहे कारण बारा वर्षांत घरात बसलेली बाई मी अजून बघितली नाहीये. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर घरोघरी विचारलं होतं की दिवसभर कोण काय करतं, तर घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. आता ही ९७ मिनिटं नक्की कुठल्या घरात होतात ते कुणाला माहीत असेल तर पत्ता कळवा, आम्ही दर्शनाला येऊ.

मग बायोडेटा. यात एक रकाना रिकामा राहतो त्याला गॅप म्हणतात. सासऱ्यांना रोज दोनदा इन्सुलिन टोचणं हा गॅप. टँकरवाल्याशी भांडून सोसायटीचं पाणी आणणं हापण गॅप. तीन शाळांचे फॉर्म, दोन गावची लग्नं, एक हर्निया, सगळं गॅपमध्ये. व्हिडिओमध्ये सांगतात की तिथे 'होम मॅनेजर' असं लिहा, तर कृपा करून लिहू नका, मी लिहिलं होतं. समोर माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा बसला होता, त्याने ते वाचलं, हसू दाबलं आणि विचारलं की मॅडम, टीम किती लोकांची होती? मी म्हटलं पाच, आणि त्यातला एकही ऐकत नव्हता. त्याला तो जोक वाटला.

मग तो विचारणारच, मुलं केवढी आहेत, आजारी पडली तर कोण बघेल? हा प्रश्न माझ्या नवऱ्याला आजवर एकाही इंटरव्ह्यूत कुणी विचारलेला नाही, बहुतेक त्याला मुलं आहेत हे त्यांना माहीत नसावं.

सरकारी नोकरी बघू म्हणाल तर तीही सोपी आहे. अंगणवाडी मदतनीस व्हा, पोरं सांभाळायचा अनुभव आहेच ना. तिथे बारावी पास लागते, ती आहे. वय मात्र पस्तीसच्या आत हवं. म्हणजे पोरं सांभाळण्यात आपली पस्तिशी गेली आणि आता पोरं सांभाळायला आपण म्हाताऱ्या! एमएस-सीआयटी केलीये म्हणून खूश होऊ नका, माझं सर्टिफिकेट माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाखाली आहे आणि त्या कोर्सला आम्हाला फ्लॉपी कशी घालायची ते शिकवलं होतं.

पण म्हणून आपल्या कामाला किंमतच नाही असं समजू नका हं, आहे, आणि ती थेट सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलेली आहे. १९८९ साली जमशेदपूरला एका कार्यक्रमात आग लागून बरीच माणसं गेली, त्यात गृहिणीही होत्या. २००१ च्या निकालात कोर्टाने त्यांच्या घरकामाची किंमत धरली महिना ३००० रुपये. अट एवढीच की भरपाई मिळायला बाई मेलेली असली पाहिजे. जिवंतपणी आपण कोण, तर २००१ च्या जनगणनेत गृहिणींना काम न करणाऱ्यांमध्ये टाकलं होतं, भिकारी आणि कैद्यांच्या शेजारी, आणि त्यावरून २०१० मध्ये कोर्टानेच कान उपटले. मला परवा एका दवाखान्यात रिसेप्शनला ८००० सांगितले, सकाळी नऊ ते रात्री आठ, रविवारी अर्धा दिवस. घरी सगळे म्हणाले एवढ्याशा पैशासाठी कशाला दगदग. मी म्हटलं, अहो, मेल्यावरच्या रेटपेक्षा बरेच आहेत की.

तर घ्यायचं ठरलंच तर फॉर्मच्या शेवटी एक जागा असते, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं आणि फोन नंबर, नातेवाईक चालणार नाहीत. इथे माझं पेन अर्धा तास अडलं. बारा वर्षांत नातेवाईक नसलेलं आपल्याला ओळखतं कोण? वाण्याला मी 'बी विंग, उधारी नाही' म्हणून माहीत आहे. शाळेत मी अमुकची मम्मी. शेवटी स्कूल व्हॅनच्या काकांचं नाव टाकलं. रोज सकाळी सातला पाच कमी असताना मी गेटवर उभी असते की नाही, ते एवढ्या वर्षांत फक्त त्यांनीच बघितलंय.