फोड गेला म्हणजे सिफिलिस गेला, हे खोटं आहे

‘सिफिलिस एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही. फोड आपोआप सुकला म्हणजे शरीरानं जंतू मारला. रक्तात अँटिबॉडी आहेत, आता भीती नाही.’ मोबाइलवर फिरणाऱ्या या समजुतीपायी माणसं या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगावरचे उपचार टाळतात, याचा मला संताप येतो.

जंतू शिरतो त्या जागी उठणारा फोड औषधाविना तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो, एवढं खरं. त्या जागेवरचे बहुतेक जंतू पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, हेही खरं. पण सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, तोवर रक्तातून शरीरभर पसरलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठतं ते त्यामुळेच.

आता अँटिबॉडी. जंतूला धरायचं तर त्यांना त्याच्या पृष्ठभागावर काहीतरी सापडायला हवं. १९८९ मध्ये या जंतूचं बाह्यपटल गोठवून, फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं, तेव्हा ते जवळजवळ उजाड दिसलं. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या मानानं प्रथिनांचे कण सुमारे शंभरपट कमी! ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाह्यपटलावर असणारा लिपोपॉलिसॅकराइड हा मेद-शर्करेचा रेणूही नाही. रुग्णाच्या रक्तातल्या बऱ्याचशा अँटिबॉडी पटलाच्या आत दडलेल्या लिपोप्रोटीनांविरुद्ध (मेद जोडलेल्या प्रथिनांविरुद्ध) असतात. चाचणी पॉझिटिव्ह यायला त्या पुरतात, पण जंतू शाबूत असेपर्यंत त्या प्रथिनांपर्यंत पोचत नाहीत.

बाहेर जी मोजकी प्रथिनं आहेत त्यांतलं टीपीआर-के आपलं रूप बदलत राहतं. त्याचे सात भाग बदलते आहेत, आणि जनुकसंचात दुसरीकडे साठवलेल्या तुकड्यांच्या नकला त्यांत येऊन बसतात. जुन्या रूपाविरुद्धची अँटिबॉडी नव्यापुढे निरुपयोगी ठरते. सशांमध्ये संसर्ग काही महिने राहू दिला तर त्याच वाणापासून संरक्षण मिळतं, दुसऱ्या वाणापासून तेवढं नाही. माणसानं तेवढ्यासाठी उपचार लांबवायचे, तर मधल्या काळात जंतू मेंदू, डोळे, गर्भातलं बाळ यांपर्यंत पोचू शकतो.

‘जंतू रूप बदलतो, म्हणून पेनिसिलिनही चालत नाही’ अशी पुस्तीही कुणी जोडतं. पेनिसिलिन जंतूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) घाव घालतं, टीपीआर-केशी त्याचा संबंध नाही. १९४३ पासून ते सिफिलिसवर वापरात आहे आणि या जंतूत त्याला प्रतिकार आढळलेला नाही. अझिथ्रोमायसिनला मात्र आढळला आहे.

उपचारानंतरही टीपीएचए ही जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्तचाचणी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे नवा संसर्ग तिच्यावरून ओळखता येत नाही. व्हीडीआरएल या दुसऱ्या रक्तचाचणीत रक्त किती पातळ केलं तरी ती पॉझिटिव्ह येते हे पाहतात; ते प्रमाण १:२ वरून १:८, म्हणजे चौपट वाढलं, तर डॉक्टर पुन्हा लागण झाल्याचा किंवा आधीचा उपचार फसल्याचा संशय घेतात.