लोकलचा माल कोण तपासतो?

द्राक्ष निर्यातीचे आकडे पेपरात आले की आपली छाती फुगते. फुगू द्या, बागाईतदाराने घाम गाळलाय. पण त्या कंटेनरमागे किती तपासण्या असतात हे नाशिक-तासगावबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

युरोपला माल द्यायचा तर आधी कृषी खात्याकडे प्लॉटची, म्हणजे बागेच्या तुकड्याची नोंदणी. फवारणीची वही. काढणीआधी प्रयोगशाळेची माणसं स्वतः बागेत येऊन नमुना नेतात. रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा रिपोर्ट पास झाला तरच पॅकहाऊस, दर्जाचं अ‍ॅगमार्क, रोग-कीड नसल्याचा फायटो दाखला. सगळी नोंद अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर, म्हणजे तिकडच्या पेटीवरून इकडचा प्लॉट सापडतो.

तरी २०१० साली फटका बसलाच. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं. बागाईतदारांच्या भाषेत सीसीसी. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, शेंड्याची वाढ रोखायला, काडीत घड धरावा म्हणून मारतात ते. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच! इथे रिपोर्ट पास आणि कंटेनर तिकडे बंदरात अडकलेले. पैसे कुणाचे बुडाले ते सांगायला नकोच. मग मात्र यादी सुधारली.

आता आपलं बघा. आमच्या मेहुण्यांचा एक प्लॉट मागे रेसिड्यूत फेल गेला. म्हटलं, आता? म्हणाले, "आता काय, लोकलला." म्हणजे इथल्याच बाजाराला. व्यापारी आला, दोन मणी तोंडात टाकले, रंग बघितला, दर फोडला, क्रेट भरले. रिपोर्टचं नाव नाही.

युरोपात फेल म्हणजे विष असं नव्हे, हेही सांगतो. त्यांच्या मर्यादा बऱ्याचदा आपल्यापेक्षा कडक असतात. माझा मेहुण्यांवर राग नाही, व्यापाऱ्यावरही नाही. मर्यादा आपल्या कायद्यातही आहेत. पण विकण्याआधी तपासायची सक्ती नाही. एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने नमुना घेतलाच, तर अहवालासाठी कायद्यानेच १४ दिवस दिलेत. तोवर द्राक्षं खाऊन पचलेली असतात.

आणि प्रयोगशाळा नाहीत म्हणून रडू नका. द्राक्षाच्या रेसिड्यूची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीत आहे. हंगामात वाशीच्या आणि पुण्याच्या मार्केट यार्डात रोज थोड्या गाळ्यांवरचे नमुने घ्या आणि निकाल गाळ्यावरच लावा, पास असो की फेल. खर्चाचं म्हणाल तर बाजार समित्या सेस घेतातच की.