काकांना घरी बसवणारा मेसेज

मागच्या गुरुवारी पहाटे साडेपाचला आम्ही नेहमीप्रमाणे धावायला साताऱ्यात राजवाड्यासमोर, गांधी मैदानाच्या कडेला जमलो आणि काका आलेच नाहीत. काका म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, वय ६७. आमच्या आठ जणांच्या टोळीत सगळ्यात वक्तशीर. कुणाला दोन मिनिटं उशीर झाला की "गाडी सुटली" म्हणून मोकळे होणारे. त्यांचीच गाडी लागली नाही म्हटल्यावर फोन केला. म्हणाले, "बाई, आपलं आता बंद. पोरीनं काय पाठवलंय ते वाचा."

वाचलं. तुम्हीही वाचलं असेल, कारण मला तोच मेसेज नंतर सासरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवरही आला. वर लाल अक्षरात "साठीनंतर धावणे म्हणजे आत्महत्या!" आणि खाली सात मुद्दे. हृदयाचे ठोके जन्मतः ठरलेले असतात, धावून ते लवकर संपतात. गुडघ्यातलं ग्रीस संपतं. जॉगिंगचा प्रसार करणारा अमेरिकन माणूस स्वतःच धावताना मेला. बायका धावल्या की अंग (गर्भाशय) बाहेर येतं. पहाटे झाडं विषारी वायू सोडतात. आपले पूर्वज चालत, धावत नसत. आणि शेवटी, म्हाताऱ्यांचे रनिंग ग्रुप म्हणजे नुसती ईर्षा. तळाला नेहमीचं: "अकरा ज्येष्ठांना पाठवा, पुण्य लाभेल."

मी तीस वर्षं गणित शिकवलं. चुकीचं उत्तर पाहिलं की हात शिवशिवतात. त्यात या उत्तरानं आमचा माणूस घरी बसवलाय. तेव्हा जरा चढा आवाज लागला तर चालवून घ्या.

ठोक्यांचं आधी घेते, कारण ते सोपं आहे. ठोके मोजून दिलेले असतात याला काही आधार नाही, पण घटकाभर खरं धरू. मिनिटाला ७२ ठोके असलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसला तर त्याचे दिवसाचे १,०३,६८० होतात. नियमित धावणाऱ्याची विसाव्याची नाडी हळूहळू उतरते. माझी आता ६२ आहे. तासभर धावताना मी १३० धरते, म्हणजे ७,८००. उरलेल्या २३ तासांचे ८५,५६०. बेरीज ९३,३६०. म्हणजे मेसेजवाल्याच्याच हिशेबानं मी रोज १०,३२० ठोके शिल्लक टाकतेय. सातवीच्या पोराला जमलं असतं.

गुडघ्याचं प्रकरण गंभीर आहे, कारण काका त्यालाच घाबरले. गुडघ्यात ग्रीस भरलेलं नसतं, आणि गुडघा म्हणजे एसटीचा टायरही नव्हे, इतके किलोमीटर झाले की गोटा झाला म्हणायला. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला (कार्टिलेजला) रक्तवाहिन्या नसतात. तिला खाऊ मिळतो तो सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आतबाहेर होतं दाब पडला आणि सुटला की. स्पंज दाबून सोडल्यासारखं. खुर्चीत बसलेल्या गुडघ्याला हे कुठून मिळणार?

आता पुरावा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचे दोन गट घेतले. ५३८ धावणारे, ४२३ न धावणारे. वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहिले आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. १९ वर्षांनी धावणाऱ्यांतले १५ टक्के वारले होते, न धावणाऱ्यांतले ३४ टक्के. कपडे घालणं, उठणं, चालणं अशा रोजच्या कामांत अडचण यायला लागण्याचं वय धावणाऱ्यांत कितीतरी वर्षांनी पुढे गेलं होतं. हे लोक काही रोज मॅरेथॉन धावत नव्हते. सुरुवातीला आठवड्याला चारेक तास धावायचे, वय वाढलं तसे सव्वा तासावर आले. आणि काकांसाठी महत्त्वाचं: त्यांतल्याच ४५ धावणाऱ्यांचे आणि ५३ न धावणाऱ्यांचे गुडघ्यांचे एक्स-रे सुमारे १८ वर्षं काढत गेले. शेवटी संधिवाताची झीज धावणाऱ्यांत २० टक्क्यांना दिसली, न धावणाऱ्यांत ३२ टक्क्यांना.

आता गणिताची बाई म्हणून एक कबूल केलं पाहिजे. ज्यांचे गुडघे मुळात बरे तेच पन्नाशीत धावत असतात, ही खोट अशा अभ्यासात राहतेच. एक्स-रेची संख्याही लहान. म्हणून "धावल्यानं गुडघे बरे होतात" असं मी म्हणणार नाही. पण "धावल्यानं गुडघे संपतात" हे खरं असतं तर १८ वर्षांत धावणाऱ्यांचे एक्स-रे वाईट निघायला हवे होते. ते निघाले नाहीत. ज्याची वाटी आधीच सुजलेली आहे, जिना उतरताना पाय अडकतो, त्यानं आधी हाडांच्या डॉक्टरकडे जावं, हे सांगायला मेसेज कशाला लागतो?

तो अमेरिकन माणूस म्हणजे जिम फिक्स. हे मात्र खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. १९८४ मध्येच, वयाच्या ५२व्या वर्षी, रोजच्या धावण्यानंतर हृदयविकारानं गेला. (१९८४ हे साल अजून एकदा येणार आहे. योगायोग.) पण मेसेज अर्धीच गोष्ट सांगतो. त्याच्या वडिलांना ३५व्या वर्षी पहिला झटका आला होता आणि ते ४३व्या वर्षी गेले. फिक्स स्वतः पस्तिशीपर्यंत दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा, वजनही अफाट होतं. धावायला लागल्यावर हे दोन्ही सुटलं. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या तुंबलेल्या निघाल्या. यावरून घ्यायचं ते एवढंच, की घराण्यात हृदयविकार असेल तर बूट विकत घेण्याआधी ईसीजी काढा, डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करा, आणि छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वेगळं वाटलं तर तिथल्या तिथे थांबा. आम्ही आठही जणांनी तपासणी करून घेतलीय. काकांनीसुद्धा.

आता चौथा मुद्दा. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बाकीच्या मुद्द्यांवर पुरुष टपरीवर भांडतात आणि यावर बायका गप्प बसून बूट कपाटात ठेवतात. सासरच्या ग्रुपवर तो मेसेज पडला तेव्हा एकीनंही उलट विचारलं नाही. रात्री धाकट्या जावेचा मात्र वेगळा फोन आला, "वहिनी, खरंच असं होतं का हो?"

ही भीती जुनी आहे. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. त्या धापा टाकत कोसळल्या, बायकांच्या शरीराला हे झेपत नाही, अशा बातम्या आल्या आणि ती शर्यत १९६०पर्यंत बंदच झाली. पुरुष शर्यत संपल्यावर धापा टाकत नाहीत का? बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडावं लागलं. म्हणजे मी फ्रॉकमध्ये असताना जगातल्या मोठमोठ्या समित्यांनासुद्धा हेच वाटत होतं जे आज या मेसेजवाल्याला वाटतंय. समित्या तरी सुधारल्या.

अंग बाहेर येतं ते कशानं? बरीच बाळंतपणं, बाळंतपणात ताणलेले स्नायू, पाळी गेल्यानंतर आलेला सैलपणा, वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन, आणि रोज उचललेली जड ओझी. आपल्याच जिल्ह्यातल्या माण-खटावमध्ये दोन पिढ्यांच्या बायकांनी उन्हाळाभर डोक्यावर हंडे वाहिले, ओली बाळंतीणसुद्धा सव्वा महिना झाला की विहिरीवर. तेव्हा "बायांनो, हंडा उचलू नका, अंग बाहेर येईल" असा निरोप कुणी अकरा जणींना पाठवला होता? बाई पाण्यासाठी वाकली तर चालते, स्वतःसाठी पळाली की हिला जपायला हवं.

पण खोटं बोलणार नाही. यात एक अर्धं सत्य आहे आणि ते कुणी उच्चारत नाही. पन्नाशीनंतर धावताना, शिंकताना, उतारावर पाय आपटताना लघवीचा थेंब सुटतो. अनेकींना. मलाही सुटायचा. पहिल्या वर्षी मी गडद रंगाचीच ट्रॅकपँट घालायची, घराबाहेर पडताना दोनदा बाथरूमला जायची, आणि वाटायचं हे फक्त मलाच होतं. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं शिकवलं: लघवी अडवताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, पाच-सात सेकंद धरायचे, सोडायचे, दहादा, दिवसातून तीनदा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होऊन जातं. तीन-चार महिन्यांत फरक पडला. ज्यांना खाली जडपणा वाटतो, काही उतरल्यासारखं लागतं, त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि तोवर चालावं. हे सांगणारा मेसेज असता तर मीच अकरा जणींना पाठवला असता. जावेला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही?"

झाडांचं काय, तर पहाटेची झाडं सोडतात तो कार्बन डायऑक्साइड इतका थोडा, की बंद खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली तर त्याहून जास्त साठतो. हां, थंडीत कुणी कोपऱ्यावर कचरा पेटवलेला असेल तर तिथून पळू नका. तो धूर खरा आहे.

पूर्वज धावत नसत म्हणे. पेशवाईतली पत्रं जासूद काय बसून पोचवायचे? ते सोडा, माउलींची पालखी दरवर्षी आपल्याच लोणंद-तरडगाव-फलटणवरून जाते. पुढे वेळापूरच्या उतारावर धावा होतो. पंढरीचा कळस दिसल्यावर तुकोबा धावत सुटले, त्याची ती आठवण. तिथे सत्तरीच्या माळकऱ्यांना, डोक्यावर तुळस घेतलेल्या आज्यांना पळताना एकदा बघा. पायात धड चपलाही नसतात.

राहिली ईर्षा. हा टोला बसला, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्यात ती झाली होती. यवतेश्वरचा घाट चढून आम्ही परत येत होतो. धुकं, भुरभुर पाऊस, रस्ता ओला. आप्पा आणि अजून एक जण, दोघेही साठीचे, "बघू कोण आधी समर्थ मंदिराला पोचतंय" म्हणून उतारावर सुटले. आप्पांचा गुडघा दीड महिना सुजलेला होता. वहिनींनी आम्हा सगळ्यांनाच झापलं. उतारावर गुडघ्यावर आणि मांडीवर जास्त भार येतो, हे मेसेजवाल्यानं लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. तेव्हापासून घाटाचा तीव्र उतार आम्ही चालत उतरतो. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला तोच घाट ज्यांना पळत उतरायचाय त्यांनी उतरावा. आमच्यातले दोघं बिब (छातीवरचा नंबर) घेतात, बाकीचे रस्त्याकडेला टाळ्या वाजवतो. बाकी नियम दोनच: धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, नाहीतर वेग जास्त झाला, आणि सगळ्यात हळू जो असेल त्याच्या वेगानं रविवारचा लाँग रन. कासचं पठार फुललं की सातनंतर घाटात मोटारींची रांग लागते, म्हणून त्या महिन्यात पाचलाच निघतो, एवढीच काय ती घाई.

ईर्षा म्हणणाऱ्याला एवढंच सांगते. आमच्यातल्या एकांच्या मंडळी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेराव्यानंतरच्या पहाटे आम्ही सातही जण त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. ते बूट घालून आले. पाच किलोमीटर कुणी एक शब्द बोललं नाही. चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतःहून विचारलं, "उद्या किती वाजता?"

हे सगळं कागदावर लिहून, आकड्यांखाली रेघा मारून, मी शनिवारी काकांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "बाई, त्या अमेरिकेतल्या लोकांत एसटीचा ड्रायव्हर होता का हो? क्लच दाबून बत्तीस वर्षं काढलेला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न बरोबर होता. मेसेजवाल्यापेक्षा शंभरपट बरोबर. डावा गुडघा दुखतो हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या मंगळवारी एक्स-रे काढायचं ठरलं, मुलगीच पुण्याहून येऊन नेणार आहे. आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर चालायचं, पण साडेपाचलाच आणि आमच्याबरोबरच, एवढं मी कबूल करून घेतलं.

रविवारी आम्ही घाटाच्या पहिल्या वळणावर पोचलो तर काका स्कूटर लावून उभे. पायाशी पाण्याच्या आठ बाटल्या, हातात मोबाइल, नजर घड्याळावर.

"चार मिनिटं लेट," म्हणाले.